कल हाय

लग्न होऊन नव्या वसाहतीतल्या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बन्सीकाका माझ्याशी पहिलं वाक्य बोलले. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. कुंपणापलीकडून आवाज आला, “सूनबाई, दोरीला कल हाय.”

वळून बघते तर पायजमा, बिनबाह्यांची बंडी, कानावर पेन्सिल आणि डावा डोळा घट्ट मिटलेला. मला वाटलं, हा माणूस मला डोळा मारतोय! बादली तिथंच टाकून मी तणतणत घरात गेले आणि आमच्या ह्यांना म्हटलं, तुमच्या शेजाऱ्याला जरा समज द्या. हे पोट धरून हसायला लागले. म्हणाले, “अगं, ते बन्सीकाका. ते साऱ्या जगाला डोळा मारतात.”

आणि खरंच होतं ते. काका कशाकडंही सरळ दोन डोळ्यांनी बघायचेच नाहीत. समोर वस्तू आली की डावा डोळा मिटायचा, मान थोडी मागं घ्यायची, उजव्या डोळ्यानं त्या वस्तूच्या कडेवरून नजर सोडायची आणि निकाल द्यायचा. निकाल बहुतेक वेळा एकच असायचा. ‘कल हाय.’ कल म्हणजे तिरकेपणा, झुकाव. भिंतीला कल हाय, खाटेला कल हाय, शेजारच्या गल्लीत नव्या आलेल्या नवरदेवाच्या फेट्याला कल हाय. माझ्या सासूबाई गावाहून आल्या तेव्हा त्यांच्याकडंही बघून काहीतरी पुटपुटले. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले हो? मी म्हटलं, काही नाही, तब्येत विचारत होते. नाकाबद्दल बोलले होते, आता सांगायला हरकत नाही.

दोरी मात्र मी त्याच दुपारी ह्यांना ओळंबा आणि फूटपट्टी घेऊन मोजायला लावलं. दोरी कललेली होती.

काका चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लाकडी नमुने करायचे. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो, त्यावरून साचा, आणि साच्यात मग वितळलेलं लोखंड. आमचे हे त्याच कारखान्यात फिटर. हे सांगायचे की शेडमध्ये काटकोन बघायचा गुण्या आणि ओळंबा लावून काम करणाऱ्यांची काका जाम टिंगल करतात. “देवानं डोळा दिलाय तो काय काजळ घालायला?” असं सगळ्यांदेखत म्हणायचे. नम्रपणा हा शब्द त्यांनी ऐकला असेल, वापरला कधीच नाही. “ह्या डोळ्यानं आजवर खोटं सांगितलं न्हाय,” हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडायचंच, आणि काकू आतून ओरडायच्या, “तोंडाचं काय मग?”

शहागंजाकडं रशीदभाईंची लाकडाची वखार होती. काकांचं आणि त्यांचं जुनं मैत्र. रशीदभाईंनी वखारीशेजारी नवं दुकान काढलं, पाहुणेरावळे जमले, पेढे वाटले, आणि काकांनी दारात उभं राहून डावा डोळा मिटला. “रशीदभाई, चौकटीला कल हाय.” रशीदभाईंनी कपाळावर हात मारला. “अरे बन्सीभाई, मुहूरत के दिन तो मुँह बंद रखो!” काकांनी पेढा तोंडात टाकला आणि गप बसले. पण दुसऱ्या दिवशी पटाशी, हातोडा घेऊन गेले आणि चौकट नीट बसवूनच परत आले.

त्यांचं खरं वेड म्हणजे धनुष्य. मूळ गाव देवगाव रंगारीच्या बाजूचं, घरात मेंढरं. लहानपणी मेंढरांमागं हिंडताना लांडग्याच्या धाकानं हातात धनुष्य असायचं. लांडगा कधी मारला का, विचारलं तर म्हणायचे, “त्यानं मला मारलं न्हाय, हेच लई झालं.” शहरात आले, कारखान्यात लागले, तरी हाताची ती खोड गेली नाही. कन्नडच्या घाटाकडून धामणीचं लाकूड आणायचे. हे झाड वाकायला कबूल आणि तुटायला नाखूश. ते चिरून आढ्याला टांगून वाळवायचे. पुरतं वाळलं की मग कानस आणि काचेचा तुकडा घेऊन अंगणात बसायचे. संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर वसाहतीतल्या पोरापोरींना तिरंदाजी शिकवायचे. तिथं आमच्या वसाहतीचं एक क्रीडा मंडळ होतं, त्याचे अध्यक्ष कारखान्यातलेच एक साहेब.

मी भाजी निवडत कुंपणापाशी बसायची आणि त्यांचं काम बघायची. धनुष्य वाकवणं सोपं असतं हो. खरी कटकट पुढंच असते. मुठीच्या वर एक हात, खाली एक हात. काका त्यांना हातच म्हणायचे. दोरी चढवली की हे दोन्ही हात एका रेषेत वाकले पाहिजेत. एखादा हात जरा पिळला, की दोरी मुठीच्या मधून जायच्या ऐवजी कडेला सरकते, आणि बाण भलतीकडं. हा धनुष्याचा कल.

तो काढायचे उपाय काकांनी मला इतक्या वेळा ऐकवलेत की मी आजही झोपेत सांगेन. पहिला उपाय आळशाचा. टोकाला दोरी अडकवायची खाच असते, ती एका बाजूनं जरा खोल करायची. दोरी लगेच मधोमध दिसते. काकांना ह्याचा भारी राग. “दिसती मधोमध. असत न्हाय. हात पिळलेला तो पिळलेलाच.” दुसरा उपाय शेगडीचा. हाताला करडईचं तेल चोपडायचं, निखाऱ्यावर धरून तापवायचं, आणि उलट्या दिशेनं पिळून शिकंज्यात आवळून ठेवायचं. तेसुद्धा हवं त्यापेक्षा थोडं जास्तच पिळायचं, कारण लाकूड माघारी येतं. आणि तिसरा म्हणजे ज्या कडेचं लाकूड हट्टी, ती कड काचेनं खरवडून पातळ करायची. हा सगळ्यात शेवटचा. “तापवून वळवलेलं परत वळवता येतं, सूनबाई. खरवडलेलं परत चिकटत न्हाय.”

निर्मला आमच्या वसाहतीतली नव्हती. नाल्यापलीकडच्या वस्तीतून यायची. कॉलेजात शिकत होती, उंच, काटक, बोलायला कमी. एक दिवस मैदानाच्या कडेला उभी राहून बघत होती, काकांनी डावा डोळा मिटून तिच्या खांद्यांकडं बघितलं आणि म्हणाले, “पोरी, तुझ्या खांद्याला कल न्हाय. ये इकडं.” काकांच्या तोंडून ‘कल न्हाय’ ऐकलेली बहुतेक ती पहिलीच.

मैदानावर आली की ती म्हणायची, “जय भीम, काका.” काका म्हणायचे, “हां, हां, ये.” रोज तेच. ती जय भीम म्हणायची, हे हां हां म्हणायचे. माझ्या लक्षात यायचं, तिच्याही येत असणार. पण काका शिकवायचे मात्र जीव ओतून, आणि तीही शिकायची जीव ओतून. वर्षभरात अशी झाली की गवताच्या गादीवर कागदाचा ठिपका लावावा आणि हिनं तो उडवावा. काकूंना मी म्हटलं, ह्या पोरीनं काकांना वेड लावलंय. काकू म्हणाल्या, “वेडं होतेच, आता सोबत मिळाली.”

काकांनी तिच्यासाठी धनुष्य करायला घेतलं. तिच्या उंचीचं, तिच्या ओढीचं. सगळ्यात चांगली धामण काढली, पण वरच्या हाताला एक गाठ निघाली आणि त्या गाठीनं हात पिळायला लागला. दुसरा कुणी असता तर खाच खोल करून मोकळा झाला असता. काका महिनोन् महिने त्या गाठीशी भांडले. निर्मलाला शेजारी बसवून तेल लाव म्हणायचे, निखाऱ्यापासून किती लांब धरायचं ते दाखवायचे, दर वेळी दोरी चढवून आधी तिला बघायला लावायचे. “एक डोळा मीट. दोरीनं मुठीचे दोन सारखे भाग केले का? कुणीकडं हाय?” ती म्हणायची, “अजून जरासं उजवीकडं.” काका मग स्वतः बघायचे. “व्हय. जरासं.”

जिल्ह्याच्या संघाची निवड आमच्याच मैदानावर ठरली, आणि तिची भाग घ्यायची वेळ आली. निवड झाली असती तर पुढं विद्यापीठाचा संघ, पुढं खेळाच्या जागेवरून नोकरी. तिच्या घरात कुणी मैदान बघितलं नव्हतं, पण तिची आई एकदा काकूंना भेटायला आली होती आणि म्हणाली होती, “तुमच्या मालकांच्या हाती पोरगी दिलीय.” निवडीच्या आदल्या संध्याकाळी काकांनी धनुष्याला दोरी चढवली, बघितलं, परत बघितलं आणि मला हाक मारली. “या सूनबाई, तुम्ही बी बघा.” मी कुंपणावरून एक डोळा मिटून बघितलं. मला काय कळतंय त्यातलं, पण एवढं कळलं की दोरी मुठीच्या बरोब्बर मधून जात होती. काका लहान पोरासारखे खूश होते. “एक बाल बराबर कल दाखवा कुणी. मिशा उतरवीन.”

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही, ह्यावरून सगळं शहर दोन बाजूंना ओढलेलं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसटीवर दगड. खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या आणि कारखान्यात एकाच डब्यातून जेवणारी माणसं वेगवेगळ्या बाकांवर बसायला लागली होती. पाण्याच्या नळावर बायका एकमेकींना विचारायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. पुरुष विचारायचे. “काका, तुमचा कल कुणीकडं?” हा प्रश्न काकांना हसत हसत किती जणांनी विचारला असेल! काका म्हणायचे, “आपली दोरी मधोमध.” लोक हसायचे, काकाही हसायचे, आणि निभावून जायचं.

निवडीच्या त्या आदल्या संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष काकांकडं आले. अंगणातल्या खाटेवर बसले. मी पलीकडं भांडी विसळत होते, त्यामुळं सगळं ऐकू आलं, आणि ऐकू यावं अशाच आवाजात ते बोलत होते. मैदान आपलं, मंडळ आपलं, आणि इथून निवडून जाणार नाल्यापलीकडची. पोरं तापलीत. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? तुम्हाला काही करायचं नाही काका. धनुष्यं तपासायचं काम तुमच्याकडंच आहे. तिचं धनुष्य तेवढं बाद करा. तुमच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही, तीसुद्धा घेणार नाही.

काका म्हणाले, “धनुष्य सरळ हाय, साहेब.”

अध्यक्ष उठले, चपला घातल्या. जाताना सहज म्हणाले, “तुमच्या संजूला आपल्याच शेडमध्ये घेतलंय ना यंदा? बरं. तुमचा कल कुणीकडं, ते उद्या कळेलच.”

संजू म्हणजे काकांचा मुलगा, नुकताच कामाला लागलेला. काका तिथंच बसून राहिले. काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी होते. ह्यांच्याबरोबर मजा बघायला गेले होते म्हणा ना. टेबलामागं काका बसलेले, समोर रांग. एकेकाचं धनुष्य घ्यायचे, बघायचे, परत द्यायचे. निर्मलाचा नंबर आला. नवी रिबीन बांधून आली होती. “जय भीम, काका.” काका नुसतं “हां” म्हणाले. धनुष्य हातात घेतलं, लांब धरलं, डावा डोळा मिटला. खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता हसतील आणि काहीतरी फुशारकी मारतील.

“कल हाय,” काका म्हणाले.

आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. मी काय बोलणार होते? असं मी अजूनही स्वतःला विचारते आणि उत्तर सोयीचंच येतं.

निर्मलानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती भांडली असती, रडली असती, तर काकांना पळायला वाट तरी मिळाली असती. तिनं काय केलं? तिनं शिकवल्याप्रमाणं विचारलं, “कुणीकडं, काका?”

काकांनी ह्याचा विचारच केला नव्हता. कल आहे म्हटलं की तो कुणीकडं तरी असावा लागतो. ते गडबडले. “उजवीकडं. वरच्या हाताला.”

“बरं, काका,” ती म्हणाली आणि रांगेतून बाहेर झाली. तिच्या उंचीचं दुसरं धनुष्य मैदानावर नव्हतं, आणि असतं तरी त्या दिवशी तिला ते कुणी दिलं नसतं. मैदान शांत राहिलं. दंगा झाला नाही, दगड पडला नाही. अध्यक्षांनी काकांच्या पाठीवर थाप मारली.

आठ-दहा दिवसांनी ती काकांच्या घरी आली तेव्हा मी काकूंकडं पीठ चाळत बसले होते. बोटं भाजलेली, त्यांना चिंधी बांधलेली. हातात तेच धनुष्य. काकांसमोर ठेवून म्हणाली, “काका, तुम्ही सांगितलं तसं वरच्या हाताचा कल काढायला गेले. तेल लावलं, तापवलं, डावीकडं पिळलं. मग कड खरवडली. तर आता आणखीनच गेलं हो.”

काकांनी धनुष्य उचललं नाही. उचलायची गरजच नव्हती. लांबून, दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं. सरळ हात तिनं वाकडा करून आणला होता. का? तर काका म्हणाले म्हणून. ज्या डोळ्यानं कधी खोटं सांगितलं नाही, त्यानं सांगितलं म्हणून.

“मला तो कल दिसलाच नाही काका,” ती म्हणाली. “सारखी बघत होते. मला सरळच दिसत होतं. माझ्याच नजरेत काहीतरी खोट आहे. दवाखान्यात डोळे दाखवून आले, ते म्हणतात डोळे बरे आहेत. मग मलाच बघता येत नसणार.”

काकांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. बोला ना हो, मी मनात म्हणत होते. ते म्हणाले, “ठेव इथं. बघतो मी.”

ती गेली. परत मैदानावर आली नाही. काकूंनी चाळणी खाली ठेवली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, “आता बघा. जन्मभर बघत बसा.”

त्यानंतर काकांचा डावा डोळा मिटला नाही. हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं असेल, कारण माझी दोरी त्यांच्या अंगणासमोरच. मुद्दाम एकदा ती भलतीच तिरकी बांधली. काका समोरून गेले, बघितलं, “धुणं वाळलं का?” म्हणाले आणि गेले. कारखान्यात तर कमालच झाली. ज्यांनी आयुष्यभर ओळंब्याची टिंगल केली, ते खिशात ओळंबा घेऊन फिरायला लागले. साधी फळी असली तरी गुण्या लावायचा, पट्टी लावायची, शेजारच्याला बोलवायचं, “बग रे, बराबर हाय का?” पोरं म्हणायची, काका म्हातारे झाले. हे घरी येऊन सांगायचे आणि मी ताटं वाढायला उठायची.

आणि ते धनुष्य. दर दिवाळीच्या सुट्टीत आढ्यावरून काढायचे. तेल, निखारे, शिकंजा. चार दिवस खपायचे. दोरी चढवली की हात पुन्हा पिळायचा, कारण जे खरवडून गेलं होतं ते गेलंच होतं. खाच हलवून दोरी मधोमध आणता आली असती. ते मात्र त्यांनी एकदाही केलं नाही. एकदा मी म्हटलं, “काका, द्या ना ते जाळून, कशाला जिवाला त्रास?” तर असं बघितलं माझ्याकडं की मी विषय बदलला.

वर्षं गेली. वाळूजकडं नवे कारखाने आले, गाड्या बदलल्या, वसाहतीतल्या पत्र्यांच्या जागी स्लॅब पडले. शेवटी विद्यापीठाला नावही मिळालं. त्या दिवशी नाल्यापलीकडं दिवे लागले होते आणि अलीकडं दारं लावलेली. काका आपलं दार उघडं टाकून पायरीवर बसले होते. मला म्हणाले, “सूनबाई, नाव द्यायला एवढी वर्षं लागली त्यांना. मला तर नुसतं एक वाक्य बोलायचंय.” पण ते वाक्य घेऊन ते कुठं गेले नाहीत.

मग कुणीतरी सांगितलं की निर्मला बिडकीनच्या एका शाळेत खेळाची बाई म्हणून लागलीय. काकूंचे गुडघे तोवर बसले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं. “एकटे जायचे न्हाईत. गेले तर अर्ध्यातून येतील माघारी. तू जा संग.” तसे आम्ही निघालो. काकांच्या हातात जुन्या धोतरात गुंडाळलेलं ते धनुष्य. एसटीत कंडक्टरनं विचारलं, काय आहे, तर म्हणाले, “सामान.” वाटभर ओठ हलत होते. पाठांतर चाललं होतं.

शाळेमागच्या मैदानावर मुली रांगेत उभ्या होत्या, हातात बांबूची धनुष्यं. निर्मला थोडी भरली होती, पण खांदे तसेच. आम्ही लांब थांबलो. ती मुलींना सांगत होती, “धनुष्य दोघीदोघींनी तपासायचं. एकीच्या नजरेवर जायचं नाही. स्वतःच्या तर नाहीच नाही. मी एकदा स्वतःच्या नजरेवर गेले होते, म्हणून सांगते.”

काकांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की नंतर निळं पडलं होतं.

तिनं आम्हाला ओळखलं आणि धावत आली. “काका! जय भीम, काका!” काका हां हां सुद्धा म्हणू शकले नाहीत. तिनं वर्गातून स्वतःची खुर्ची आणवली, त्यांना बसवलं. काकांनी धोतर सोडलं, धनुष्य तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “पोरी, हे सरळ होतं. त्या दिशी. तू बघितलं ते बराबर होतं. माझी… माझी नजर चुकली.”

मी चमकून काकांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते.

निर्मला धनुष्याच्या वरच्या हातावरून बोट फिरवत राहिली, जिथं तिनं काच चालवली होती तिथं. “म्हणजे मला दिसत होतं,” ती म्हणाली. “बरोबर दिसत होतं.” आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. “अहो काका, एवढं सांगायला ह्या वयात इतक्या लांब आलात? चुकते नजर. ऊन किती होतं त्या दिवशी! मनाला लावून घेऊ नका हो.” चहा मागवला, पोहे मागवले. मुलींना बोलावून सांगितलं, हे माझे गुरू. ह्यांचीसुद्धा नजर चुकली, आणि ते सांगायला हे आले, अशी माणसं असतात. मुलींनी टाळ्या वाजवल्या. काकांनी पोहे खाल्ले नाहीत, नुसते चिवडले.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. हात रिकामे, धनुष्य तिनं ठेवून घेतलं होतं. बिडकीन मागं पडलं, दोन्ही बाजूंना कापसाची रानं लागली.

“तिनं मला खुर्ची दिली,” काका म्हणाले.

“झालं ना आता काका,” मी म्हटलं. “तिचं समाधान झालं. तिची नजर तिला परत मिळाली. आणखी काय पाहिजे?”

“डोळ्यावर ढकललं मी,” ते म्हणाले. “डोळ्यानं काय केलं व्हतं माझं? डोळ्याला सरळ दिसलं व्हतं. ह्या तोंडानं खोटं सांगितलं. अन् आज पुन्हा त्याच तोंडानं डोळ्याला चोर केलं. खाच हलवली, सूनबाई. दोरी मधोमध दिसाया लागली, बास.”

“राहू द्या हो आता,” मी परत म्हटलं. मला बाई खरंच वाटत होतं की राहू द्यावं. मागंही मला तसंच वाटलं होतं.

काका उठले. दांडा धरत पुढं गेले आणि कंडक्टरला म्हणाले, “थांबवा.” कंडक्टर म्हणाला, “बाबा, इथं थांबा नाही.” काका म्हणाले, “मला उतरायचंय.” मी उठले तर हातानंच खाली बसवलं. “तुम्ही जा. तुमची कामं असतील. मी येतो मागच्या गाडीनं.” गाडी सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून बघत होते. पाठमोरे काका बिडकीनच्या दिशेनं चालत होते, भरभर, त्या वयाला न शोभेल असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं वाळत घालत होते. त्याच आठवड्यात आम्ही वाळूजला राहायला जाणार होतो, सामान बांधून झालेलं, ही दोरीसुद्धा काढायचीच होती. काका कुंपणाशी आले. मी हळूच विचारलं, “भेटली का?”

“भेटली.”

“सगळं सांगितलं?”

“सगळं. साहेब आलेले ते बी, संजूचं बी. उभ्यानंच ऐकलं तिनं. ह्या खेपेला खुर्ची न्हाय दिली.”

“मग काय म्हणाली?”

“काय बी न्हाय.” काका कुंपणाच्या तारेवर बोट घासत राहिले. “निघताना मीच म्हणलो, जय भीम, पोरी. ती बोलली न्हाय. आत गेली.”

मी पिळलेली चादर झटकली आणि दोरीवर टाकली. मागं वळले तर काका अजून तिथंच उभे होते. डोळे ओले होते, दोन्ही. मग त्यांनी बंडीच्या टोकानं ते पुसले, मान थोडी मागं घेतली आणि डावा डोळा मिटला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “दोरीला कल हाय.”